पाळणे

"तुम्ही साप पाळता का?" असा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. कायद्याचे उत्तर सरळ आहे: 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडचे साप हौसेखातर घरात पाळता येत नाहीत. त्याच कायद्यातली 'प्राणी' या संज्ञेची व्याख्या मात्र भाषेच्या अभ्यासकाने एकदा वाचावी अशी आहे. प्राण्यांबरोबर तिच्यात त्यांची अंडीही धरली आहेत. कवचातला जीवही कायद्याच्या लेखी सापच. आम्हांला हे समजले ते एका चुकीनंतर.

चंद्रपूर जिल्ह्यातला मूल-सिंदेवाहीकडचा सारा धानाचा मुलूख. आषाढात एका घरामागचा तणसाचा ढीग हलवताना धामण निघाली. आम्ही पोहोचेपर्यंत ती मारली गेली होती. खाली एकमेकांना चिकटलेली, चिवट कवचाची नऊ अंडी होती. कोंबड्या पाहत वाढलेल्या आमच्या हातांनी ती सोडवली, पुसली, खोक्यात नव्याने मांडली. सगळीकडून ऊब मिळावी म्हणून रोज फिरवलीही. काही दिवसांत ती खचली, त्यांवर बुरशी चढली. एकही फुटले नाही.

पुढे गडचिरोलीतल्या एका सर्पमित्राने कारण सांगितले. पक्ष्याच्या अंड्यात बलक दोरीसारख्या पिळांनी तोललेला असतो. ते फिरवावेच लागते. सापाच्या अंड्यात तशी दोरी नसते. गर्भ वरच्या बाजूला आतून चिकटतो, आणि अंडे उलटले की दगावू शकतो. हेमलकशाला 1973 पासून लोक बिरादरी प्रकल्प चालवणाऱ्या प्रकाश आमट्यांकडे शिकारीत आई गमावलेली पिल्ले मायेच्या स्पर्शावर वाढली. सापाच्या अंड्याची माया निराळी: त्याला हात लावायचा नसतो.

दुसऱ्या पावसाळ्यात धामणीची अंडी पुन्हा सापडली. या वेळी वनविभागाला कळवले, आणि त्या मित्राच्या देखरेखीखाली प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर शिसपेन्सिलीने खूण करून ती होती तशीच ओलसर काथ्याच्या भुशात ठेवली. सुमारे दोन महिने आम्ही ओल तेवढी पाहत होतो.

त्या काळात नागपंचमी आली. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्ले मेल्याची कहाणी आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्या दिवशी नांगरू नये, खणू नये हा नियम 'पाळतो'. मराठीत कुत्रा पाळतात, शब्द पाळतात, पथ्यही पाळतात. आम्ही पहिल्या वर्षी अंडी कुत्र्यासारखी पाळू पाहिली होती. ती पथ्यासारखी पाळायची होती.

भाद्रपदात कवचावर बारीक चिरा दिसल्या. पिल्ले नाक बाहेर काढून कितीतरी वेळ तशीच थांबली, मग एकेक करून निघाली. सात होती. ती बांधीच्या धुऱ्यावर सोडली तेव्हा एकही मागे वळले नाही. आम्ही मात्र काही वेळ उभे राहिलो. आदल्या वर्षीच्या नऊंची वजाबाकी त्या सातांनी भरून निघत नव्हती.