सदर व्यक्ती एकच

आमच्या तालुक्याचं नाव केळापूर आणि कचेरी पांढरकवड्यात. तहसील, कोर्ट, बाजार सगळं तिकडे; केळापूरला जगदंबेचं देऊळ आणि नवरात्रातली गर्दी. तरी सातबाऱ्यावर ‘तालुका केळापूर’च लिहितात. जिल्ह्याचंही तसंच. इंग्रजांच्या दप्तरात तो आधी वणी जिल्हा होता, 1905 पासून यवतमाळ झाला. गावाजवळून नागपूर–हैदराबाद रस्ता जातो, तो लहानपणी सात नंबरचा हायवे होता, आता चव्वेचाळीस. दोन-दोन नावांची आम्हाला सवयच आहे. तरी बाबांच्या बाबतीत ती आडवी येईल, असं वाटलं नव्हतं.

बाबा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, मृगाच्या तोंडावर, माळवदाची गळती बघायला ट्रंक हलवली. काळी, लोखंडी, फौजेतली ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. नावाच्या शेवटच्या अक्षराला रंगाचा एक ओघळ सुटलेला, ब्रशात रंग जास्त झाला असावा. तो ओघळ मी लहानपणापासून पाहतोय. त्याच्या वरचं नाव मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. आमचं आडनाव त्यात नव्हतंच. बाबांचं नाव आणि पुढे आजोबांचं, बस्स. भरतीच्या रांगेत कुणी काय विचारलं आणि अठरा वर्षांच्या पोरानं काय सांगितलं, देव जाणे. फौजेनं जे लिहून घेतलं ते पंधरा वर्षं चाललं.

आत डांबरगोळ्यांचा वास, चौकोनी घडीचं ब्लँकेट, डिस्चार्ज बुक, आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा. पत्रांवरचा पत्ता नेहमीचाच: ‘मार्फत 56 एपीओ’. त्या पत्त्यात गाव नसतं. जवान बर्फात आहे की वाळवंटात, ते शत्रूला कळू नये म्हणून केलेली सोय. पण ते आईलाही कळत नसे. तिनं कितीतरी वर्षं एका आकड्याशी संसार केला.

तळाशी मेणकापडात गुंडाळलेली राष्ट्रीय बचतपत्रं निघाली. सहा पत्रं, पाचशेचं एक. सहाव्या मालिकेची, 1984 साली घेतलेली. गोल शिक्क्यातली अर्धी अक्षरं पुसलेली, उरलेल्या अक्षरांवरून ‘सागर’ लागत होतं; महार रेजिमेंटचं केंद्र तिथलंच. शंभराचे सहा वर्षांत दोनशेच्या थोडे वर, असा तेव्हाचा हिशेब. म्हणजे 1990 सालीच ती पिकली होती. त्याच वर्षी बाबाही घरी आले. दोघंही मुदत संपवून आले म्हणायचे. बाबांनी मग शेत धरलं, पण पत्रं काही मोडली नाहीत.

हेच मला उलगडेना. आमच्याकडे पऱ्हाटी उभी राहते ती कृषी केंद्राच्या उधारीवर. बियाणं उधार, खत उधार, दिवाळीनंतर कापूस विकून फेड. ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी फौजेच्या पेन्शनवर आम्ही तरलो; शेजारच्या कितीतरी घरांना तेवढाही आधार नव्हता. बाबा दर हंगामाला व्याज भरत होते आणि पिकलेली पत्रं ट्रंकेत पडून होती. विसरले म्हणावं, तर हा माणूस पहाटे चारला उठून ब्लँकेटच्या कडा जुळवणारा, मिठाच्या पुडीचाही हिशेब लिहिणारा.

युद्ध आणि बचतपत्र यांची सोयरीक जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, इंग्रज सरकारनं पोस्टातून रोख पत्रं विकायला काढली. दुसऱ्या महायुद्धात संरक्षण बचतपत्रं आली. 1962 साली चीनशी लढाई पेटली तेव्हा बायकांनी बांगड्या दिल्या आणि सरकारनं सुवर्णरोखे काढले. लढणाऱ्याच्या मागे घरी बसलेल्यांनी पैसे लावायचे, अशी ती रीत. आमच्याकडे लढणाराही तोच आणि पैसे लावणाराही तोच. मराठीत या कागदालाही पत्रच म्हणतात. बाबांची घरी आलेली पत्रं चार ओळींची असत: ‘मी सुखरूप आहे, तुम्हीही असाल.’ ही सहा त्यांहून लांब वाटली.

मेणकापडात एक छोटी डायरीही होती. एका पानावर पाच लांबलचक क्रमांक, वर ‘इंदिरा विकास पत्र, 1987’. चौथ्या वेतन आयोगाची थकबाकी मिळाली तेव्हाची ही खरेदी असावी. क्रमांक होते, कागद नव्हते. हे पत्र 1986 साली निघालं होतं. दर्शनी किमतीच्या निम्म्या पैशांत घ्यायचं, पाच वर्षांत दुप्पट. त्यावर नाव नसे. नोटेसारखं, ज्याच्या हातात त्याचं. हरवलं तर दुसरं मिळायचं नाही असा नियमच होता, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. 1999 मध्ये ती योजनाच बंद झाली. बाबांची पाच पत्रं कुणाच्या हाती गेली, कुणाच्या मांडवात वाजली की कुणाच्या वावरात पेरली गेली, हे आता कोणत्याच दप्तरात सापडणार नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, “मले कवा काय सांगे तो माणूस?”

नाव असलेल्या सहा पत्रांसाठी मात्र मी पोस्टाच्या फेऱ्या सुरू केल्या. काउंटरवरच्या बाईंनी पत्र उजेडाला धरून पाहिलं, जणू क्ष-किरणाचा फोटो. असं छापील पत्र हातात घेऊन किती वर्षं झाली, म्हणाल्या. खरंच आहे, 2016 पासून पत्राऐवजी पासबुकच मिळतं. ज्या ऑफिसातून पत्रं घेतली तिथून पडताळणी मागवावी लागेल, असंही त्यांनी सांगितलं. अल्पबचतीतला वर्षानुवर्षं कुणी न मागितलेला पैसा 2015 च्या कायद्यानुसार ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वळवला जातो; वारसाला तो नंतरही 25 वर्षांपर्यंत मागता येतो. म्हणजे बाबांचे पैसेही एव्हाना म्हाताऱ्यांच्या निधीत जाऊन बसले असतील. सदुसष्टाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या पैशानं हे वय गाठावं, याचं मला हसू आलं.

अडलं ते नावावर. पत्रावर ट्रंकेवरचं नाव. मृत्यूचा दाखला, आधार, सातबारा यांवर आडनावासकट, ‘राव’ लावलेलं नाव. पेन्शनच्या कागदांत कुणीतरी मध्ये ‘उर्फ’ घालून ते निस्तरलं होतं. बचतपत्राला उर्फ नव्हतं. “प्रतिज्ञापत्र आणा,” बाई म्हणाल्या, “दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे म्हणून. नॉमिनी आई आहेत ना? मग त्यांचंच.”

म्हणून एका सकाळी आईला घेऊन पांढरकवड्याला गेलो. तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली टंकलेखकांची टेबलं असतात. आता त्यांवर लॅपटॉप आहेत, पण सावली जुनीच आहे. टाइप करणाऱ्या पोरानं मसुदा आईला वाचून दाखवला: “...सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून...”

“एकच कसा?” आई म्हणाली.

पोरगा थांबला. मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

“गेला तो पोरगा हासे-बोले. आला तो दुसराच होता. रात्री दरवाजा वाजला का उठून बसे, अन् मंग सकाळलोक बोलेच ना. म्या दोघायसंग संसार केला. सरकारले एकच पायजे, मी खोटं कायले लिहू?”

मागे दोन माणसं ताटकळत होती. काही सुचेना म्हणून मी सेवेच्या तारखा सांगायला डिस्चार्ज बुक उघडलं, आणि नजर ओळखीच्या खुणेच्या रकान्यावर गेली. मोठ्यानंच वाचलं: डाव्या भुवईवर जखमेचा व्रण.

आई गप्प झाली. मग स्वतःच्या भुवईवरून तिनं बोट फिरवलं.

“पोळ्याचा बैल उधळला होता. शिंग लागलं. लग्नाच्या आधीचं हाये ते, मी नाही पाह्यलं, सासूनं सांगतलं.” जरा थांबून म्हणाली, “आला तवाही तिथंच होती ती खूण. अंधारात हात लागे.”

पोरगा तिच्याकडे पाहत होता, बोटं कीबोर्डवर तशीच.

“लिहा मंग,” ती म्हणाली. “एकच.”