जुन्नर, आंबेगाव आणि एक गळकी फटफटी

जुन्नरला जाणारा प्रवासी बहुधा वर पाहत जातो. नारायणगाव मागे पडले की शिवनेरीचा डोंगर दिसू लागतो, पलीकडे लेण्याद्री. आणि भोवतालच्या डोंगरांच्या पोटात दोनशेहून अधिक लेणी. 1630 साली जिथे शिवराय जन्मले, त्या गडाकडे मान उंच करूनच पाहायचे असते. पण ज्याच्या वाहनाला गळती लागली आहे, तो बिचारा खाली पाहत हिंडतो. थांबावे तिथे जमिनीवर तेलाचा डाग. आणि तो मघाच्या डागापेक्षा मोठा की लहान, एवढीच त्याची विवंचना. गेल्या हिवाळ्यात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके मी असे खाली पाहत पाहिले. खाली पाहणाऱ्यालाही तिथे पुष्कळ दिसते, हे सांगण्यासाठी हा लेख.

फटफटी माझ्या थोरल्या मामांची. 1962 साली मुंबईत त्यांनी ती जुनीच विकत घेतली. तिला साखळी नाही. इंजिनाची गती एका पोलादी दांड्याने, म्हणजे शाफ्टने, मागच्या चाकापर्यंत जाते. चाकाशी एक बंद पेटी असते. तिच्यातली दातेरी चक्रे गतीला काटकोनात वळवतात आणि सदा तेलात न्हात राहतात. साखळी ताणायला नको, तिला धूळ-चिखल लागायला नको. जर्मनीत मॅक्स फ्रिट्झ या अभियंत्याने 1923 साली बी.एम.डब्ल्यू.ची आर-32 ही गाडी अशीच शाफ्टवर उभी केली. इंग्लंडात 1946 पासून सनबीमची एस-7 शाफ्टवर धावू लागली. मात्र हे सारे सुख एका अटीवर मिळते. पेटीतले तेल पेटीतच राहिले पाहिजे. ते बाहेर आले, तर अंगणात डाग पडतो एवढ्यावर भागत नाही. ते मागच्या ब्रेकच्या पट्ट्यांवर उतरते, आणि मग घाटाच्या उतारावर तो ब्रेक नुसता शोभेला उरतो.

मामांचे वय आता सत्त्याऐंशी. त्यांचे घर आंबेगावात होते. तालुक्याला ज्याचे नाव आहे ते हे मूळ आंबेगाव. आज ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, आणि तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. तरुणपणी मामा याच फटफटीवरून पुण्याहून घरी जात. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला होता. मामा म्हणाले, "अरे, एकदा तिला आंबेगावला नेऊन आण. मग काय करायचे ते कर."

"मामा, गाव कुठे आहे आता?"

"गाव नसेल, पाणी तर आहे ना? काठापर्यंत जाऊ दे."

मामींनी एकच अट घातली : मागचा ब्रेक धड झाल्याशिवाय घोडेगावच्या पुढे गाडी न्यायची नाही.

जुन्नरच्या एका वृद्ध मिस्त्रींचे नाव कोणी सुचवले होते. टेंपोतून गाडी त्यांच्या दारी उतरवली. मी सोबत सील करण्याची लेपाची ट्यूब नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली. "सर, बंद करायच्या आधी गळती शोधावी लागते," ते म्हणाले. त्यांनी रॉकेलने पेटी लख्ख धुतली, कोरडी पुसली आणि तिच्यावर पोरांची टाल्कम पावडर भुरभुरली. मग मला नाणेघाटाच्या वाटेने आपटाळ्यापर्यंत चक्कर मारायला लावली, तीही "सावकाश, आणि पुढच्या ब्रेकवर" असे बजावून. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते. म्हणून थेंब जिथे टपकतो तिथे दोष नसतो, तो त्याच्या वर आणि पुढे शोधायचा. परत आलो तेव्हा पांढऱ्या पावडरीत तीन काळसर रेघा उमटल्या होत्या.

पहिली रेघ तळच्या बुचापाशी होती. त्याचे तांब्याचे वायसर जुने होऊन कडक झाले होते. मिस्त्रींनी ते लालबुंद तापवून पाण्यात टाकले. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मऊ पडते. ते पुन्हा बसते झाले. दुसरी रेघ झाकणाच्या सांध्यातून आली होती; तिथले कागदी गॅस्केट कुजले होते. नवा जाड कागद सांध्यावर ठेवून ते छोट्या हातोडीने कडेकडेने हलकेच ठोकत गेले. धातूच्या धारेनेच कागद नेमका कापला गेला. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. एकाच बाजूने जोर केला, तर झाकण वाकते आणि गळती कायमची होते.

कागद कापला जात असताना मला वाटले, हे काम या गावात व्हावे हे बरे झाले. जुन्नर हे कागदाचे गाव. इथली कागदी घराणी हाताने कागद करीत, आणि पेशव्यांच्या दप्तरात हा जुन्नरी कागद वापरला जाई. राज्याचे हिशेब राखणारा कागद आणि पेटीतले तेल राखणारा कागद! दुसऱ्याला मान थोडा कमी, इतकेच.

तिसरी रेघ शाफ्टपाशी होती. तिथले सील चामड्याचे निघाले. रबर येण्यापूर्वी तसेच असत. चामडे वाळून लाकडासारखे झाले होते. मिस्त्रींनी नवे रबरी सील बसवले, त्याचा ओठ तेलाच्या बाजूला ठेवून. आणि जुन्या सीलने शाफ्टवर पाडलेला चर टाळण्यासाठी किंचित आत. पण त्यांचे समाधान होईना. "इतके तेल सीलमधून नुसते येत नाही, कोणीतरी ढकलते आहे." पेटीच्या माथ्यावर हवेसाठी एक बारीक भोक असते. त्यात तार घातली, तर मातीचा खडा बाहेर आला. गाडी उभी असल्याच्या वर्षांत कुंभारमाशीने तिथे घर केले होते. पेटी तापली की आतली हवा फुगते. तिला वाट नसल्याने ती तेलालाच बाहेर रेटीत होती. सील नवे घालून हे भोक तसेच राहिले असते, तर महिन्याभरात पुन्हा तोच डाग!

ब्रेकच्या तेल प्यालेल्या पट्ट्या बदलल्या. पुन्हा पावडर, पुन्हा आपटाळे. या खेपेस पावडर पांढरीच राहिली.

घोडेगावाहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो. मागून मोटारीत मामा-मामी. या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडे आहेत. महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून वाळवतात आणि विकतात. औषधाइतकाच हिरडा चामडे कमावण्याच्या कामाचा. मामांचे ते जुने सील माझ्या खिशातच होते.

मग डिंभ्याचे पाणी दिसले. घोड नदीवरच्या या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत विलायती कापडाच्या मालमोटारीसमोर आडवे होऊन त्यांनी प्राण दिला. इथल्या पाण्याने खालच्या कोरडवाहू शिवारांत ऊस आणि भाजीपाला उभा केला; आणि त्याच पाण्याखाली मामांचा ओटा गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि एकीने दुसरी फिटत नाही.

मामा काठीच्या आधाराने उतरले. आधी त्यांनी वाकून पेटीखाली बोट फिरवले. ते कोरडे आले. मग कितीतरी वेळ ते पाण्याकडे पाहत राहिले. धरणाच्या भिंतीकडे हात करून मी म्हणालो, "मामा, केवढे पाणी अडवले आहे!"

"अडवायला भिंत पुरते रे," ते म्हणाले, "टिकायला सांडवा लागतो. तुझ्या मिस्त्रीने भोक मोकळे केले ना? तसेच." आणि मग, आयुष्यात ज्या घराविषयी ते आमच्याशी कधी चकार शब्द बोलले नव्हते, त्याच्या ओट्याची, परसातल्या आंब्याची आणि रात्री फटफटीचा आवाज ऐकून कंदील घेऊन बाहेर येणाऱ्या आपल्या आईची हकीकत ते दिवस कलेपर्यंत सांगत बसले.