एन्डरला माहीत नव्हते

ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकी लेखकाची ‘एन्डर्स गेम’ ही कादंबरी १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे बीज त्याच नावाच्या एका कथेत होते. ती ऑगस्ट १९७७ च्या ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात आली होती. कादंबरीला नेब्युला आणि ह्यूगो हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे पुरस्कार मिळाले. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘स्पीकर फॉर द डेड’ या उत्तरभागानेही ते दोन्ही पटकावले. लागोपाठ दोन वर्षे असा दुहेरी मान मिळवणारा कार्ड हा पहिलाच लेखक. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीने श्रोत्यांच्या कौलातून विज्ञानकथा आणि अद्भुतकथांच्या शंभर पुस्तकांची यादी केली, तेव्हा ही कादंबरी तिसऱ्या क्रमांकावर होती. आणि तरीही ती वाचून अस्वस्थ झालेल्या, चिडलेल्या, मुलांच्या हाती ती देऊ नये असे म्हणणाऱ्या वाचकांची संख्या पहिल्यापासून कमी नाही. कंटाळवाणी म्हणून ती बाजूला ठेवणारे मात्र विरळा. भांडण आहे ते ती वाचून संपवलेल्यांमध्येच.

कथानक थोडक्यात असे. कीटकांसारख्या दिसणाऱ्या एका परग्रहवासी जमातीने मानवावर दोनदा हल्ला केला आहे. तिसऱ्या युद्धासाठी लष्कराला अशा बुद्धीचा सेनापती हवा आहे, जो अजून मोठा झालेला नाही. लोकसंख्येवरच्या निर्बंधांमुळे एका घराला दोनच मुलांची मुभा असताना अँड्र्यू विगिन ऊर्फ एन्डर हे तिसरे मूल खास परवानगीने जन्माला आलेले. थोरला भाऊ पीटर कुशाग्र पण क्रूर निघाला, बहीण व्हॅलेंटाइन तितकीच कुशाग्र पण फार मायाळू. लष्कराला या दोघांच्या मधले काहीतरी पाहिजे होते. सहाव्या वर्षी एन्डरला घरातून उचलून अंतराळातल्या बॅटल स्कूलमध्ये नेले जाते आणि तिथे कर्नल ग्रॅफ त्याला घडवू लागतो. घडवणे म्हणजे काय, हाच पुढचा सगळा वाद आहे.

आवडीनिवडी कितीही वेगळ्या असोत, कादंबरीतली बॅटल रूम बहुतेक सगळ्यांना आवडते. वजनरहित अवस्थेतल्या एका भल्यामोठ्या दालनात मुलांच्या दोन ‘सेना’ समोरासमोर येतात. हातातल्या अस्त्राचा किरण लागला की अंगावरचा पोशाख तेवढ्या भागात ताठरतो आणि तो अवयव निकामी होतो. दालनात शिरल्यावर बाकीची मुले बाहेरच्या मार्गिकेतली वर-खाली ही जाणीव मनात तशीच धरून ठेवतात. एन्डर ठरवतो की शत्रूचे दार ‘खाली’ आहे. दिशा बदलताच सगळे बदलते. पाय पुढे करून, त्यांचीच ढाल करून, तो शत्रूवर ‘पडत’ जातो. गोठलेले पाय त्याच्या मागचे धड झाकतात आणि गुडघ्यांच्या फटीतून त्याचा हात नेम धरत राहतो. कार्डला या खोलीची कल्पना सोळाव्या वर्षी सुचली होती. आयझॅक अ‍ॅसिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ मालिकेने त्याला भविष्याचा विचार करायला लावला, आणि अमेरिकी यादवी युद्धावरच्या ब्रूस कॅटन यांच्या इतिहासग्रंथांतून एकच सैन्य सेनापती बदलताच कसे बदलते हे त्याच्या ध्यानात आले. त्यामुळे या लढाया नुसत्या चकमकी राहत नाहीत. प्रत्येकीत एक डावपेच आहे आणि तो वाचकालाही समजतो. दमलेल्या मुलांना घेऊन, एकाच वेळी दोन सेनांशी लढायची वेळ आल्यावर एन्डर लढायचेच सोडून देतो आणि आपली काही मुले सरळ शत्रूच्या दारातून पार करतो. नियमाच्या फटीतून साधलेला हा विजय वाचताना कोणत्याही वयाच्या वाचकाला गुदगुल्या होतात.

हाच गुण सैनिकांना भावला. अमेरिकेच्या मरीन कोअरने आपल्या जवानांसाठी केलेल्या शिफारशीच्या वाचनयादीत ही कादंबरी आली, आणि त्यात नवल नाही. तुकडीप्रमुखांवर विश्वास टाकावा, वरून प्रत्येक हालचाल ठरवू नये, कालचा डाव आज पुन्हा खेळू नये, हे धडे एन्डर आपल्या ड्रॅगन सेनेला ज्या पद्धतीने देतो ती पद्धत लष्करी शिक्षणाला जवळची आहे. पण त्याच पुस्तकात वरिष्ठ अधिकारी खालच्यांशी धादांत खोटे बोलतात आणि त्या खोट्यावरच युद्ध जिंकले जाते. लष्कराने हे पुस्तक आपलेसे करावे यात थोडी गंमतही आहे.

मुलांच्या आणि मोठ्यांच्या प्रतिक्रियांमधली दरी लेखकाने स्वतःच नोंदवून ठेवली आहे. १९९१ च्या सुधारित आवृत्तीला त्याने प्रस्तावना जोडली आणि तिच्यात वाचकांच्या पत्रांबद्दल लिहिले. हुशार मुलांना मार्गदर्शन करण्याचा व्यवसाय असलेल्या एका समुपदेशक बाईंना ही कादंबरी अजिबात पटली नव्हती. मुले अशी बोलत नाहीत, असा विचार करत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता. उलट हुशार विद्यार्थ्यांच्या एका निवासी शिबिरात एकत्र आलेल्या मुलांनी पत्र लिहून कळवले की हे पुस्तक आमच्याबद्दल आहे. सौदी अरेबियाच्या वाळवंटात तैनात असलेल्या एका लष्करी वैमानिकालाही त्यात आपले काही सापडले. कार्डचे म्हणणे असे की लहानपणी त्याला स्वतःला कधी ‘लहान’ वाटलेच नव्हते. मुलाला आतून आपण पूर्ण माणूसच आहोत असे वाटत असते, आणि ही गोष्ट मोठी माणसे विसरून जातात.

समुपदेशक बाईंचा आक्षेप तपशिलाच्या पातळीवर खरा आहे. सहा वर्षांचे कोणतेही मूल एन्डरसारखी वाक्ये रचत नाही. पण पुस्तकावर जीव टाकणाऱ्या मुलांना भाषा खरी वाटली म्हणून ते आवडले नव्हते. वर्गात सगळ्यांपेक्षा आधी उत्तर येणारे, त्यामुळेच एकटे पडलेले, मधल्या सुटीत कोणाच्या तरी तावडीत सापडणारे आणि शिक्षक पाहूनही न पाहिल्यासारखे करतात हे जाणणारे मूल तिथे बरोबर आहे. बॅटल स्कूलला जाण्याच्या पहिल्याच प्रवासात ग्रॅफ सगळ्यांदेखत एन्डरची स्तुती करतो, ती बाकीच्या मुलांनी त्याचा द्वेष करावा म्हणून. ज्याला वर्गात आदर्श म्हणून उभे करण्यात आले आहे, त्याला ही जागा समजावून सांगावी लागत नाही.

वादाचे मूळ आहे ते पहिल्याच प्रकरणात, स्टिल्सनच्या प्रसंगात. एन्डरच्या मानेवरचे निरीक्षणयंत्र नुकतेच काढलेले आहे. आता कोणी पाहत नाही असे समजून स्टिल्सन आणि त्याची टोळी शाळेत त्याला घेरतात. एन्डर त्याला एका लाथेत खाली पाडतो. भांडण इथे संपायला हरकत नसते. पण एन्डर हिशोब करतो: आज एवढ्यावर सोडले तर उद्या, परवा, रोज हेच होईल. म्हणून तो पडलेल्या मुलाला पुन्हा पुन्हा लाथा घालतो, पुढच्या सगळ्या लढाया आत्ताच जिंकून टाकण्यासाठी. मग बाजूला जाऊन रडतो. पुढे बॅटल स्कूलच्या न्हाणीघरात बोन्झो नावाच्या मोठ्या मुलाशी असाच प्रसंग येतो. मोठ्यांना तो आधीपासून कळलेला असतो, पण ते मध्ये पडत नाहीत, कारण कोणीही मदतीला येणार नाही हे एन्डरला पक्के कळले पाहिजे असा ग्रॅफचा आग्रह आहे. ही दोन्ही मुले मेली, हे वाचकाला मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून कळते. एन्डरला ते फार उशिरा समजते.

इथे लेखकाचे कसब आणि लेखकावरचा आरोप एकाच ठिकाणी येतात. एलेन रॅडफर्ड यांनी १९८७ मध्ये एका लेखात एन्डरची तुलना थेट हिटलरशी केली. तो लेख बऱ्याच वाचकांना अतिरेकी वाटला, आणि तसा तो आहेही. जॉन केसेल यांचा २००४ मधला निबंध मात्र सहज झटकून टाकता येत नाही. केसेल स्वतः विज्ञानकथालेखक आहेत. त्यांचा मुद्दा असा: कार्डने घटनांची मांडणीच अशी केली आहे की एन्डरच्या हातून मृत्यू घडतात, पण दोष त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रत्येक वेळी सुरुवात दुसऱ्याने केलेली असते, प्रत्येक वेळी पळवाट नसते, आणि प्रत्येक वेळी परिणाम त्याच्यापासून लपवलेला असतो. हेतू शुद्ध असला की कृती माफ, हा या जगाचा कायदा आहे. छळ सोसलेल्या मुलाला असे जग फार गोड लागते, कारण त्यात मारण्याचे समाधानही मिळते आणि निष्पापपणाही शाबूत राहतो.

कादंबरीचा शेवट हा याच कायद्याचा सर्वात मोठा प्रयोग. एन्डरला इरॉस या लघुग्रहावर नेले जाते. मागच्या युद्धाचा नायक माझर रॅकहम त्याचा गुरू होतो आणि रोज पडद्यावर सराव-युद्धे खेळवतो. शेवटच्या परीक्षेत शत्रूची जहाजे एकाला हजार अशी असतात आणि मागे एक ग्रह असतो. थकलेला, वैतागलेला एन्डर ठरवतो की नियम इतके पायदळी तुडवायचे की हे लोक आपल्याला पुन्हा कधी सेनापती करणार नाहीत. तो उरलीसुरली जहाजे सरळ ग्रहाकडे नेतो आणि तो ग्रहच नष्ट करतो. मागे वळून पाहतो तर खोलीतली मोठी माणसे रडत, हसत, प्रार्थना करत असतात. सराव नव्हताच. जहाजे खरी होती, कित्येक वर्षांपूर्वी निघालेली. त्यांतली माणसे त्याच्या हुकमाने मेली आणि एक संपूर्ण जमात संपली. या पानावर वाचकालाही धक्का बसतो, कारण तोही एव्हाना खेळ जिंकायलाच बसलेला असतो. पडद्यावरून दूरची माणसे मारणारी ड्रोन विमाने युद्धात आल्यापासून या प्रकरणाकडे नव्याने पाहिले गेले, ते साहजिकच होते.

एन्डरच्या बाजूचे वाचक म्हणतात की पुस्तकातला खरा आरोपी ग्रॅफ आणि त्याची यंत्रणा आहे. मुलाला फसवून त्याच्याकडून वंशसंहार करवून घेणाऱ्यांचे हे चित्र आहे, गौरव नव्हे. एन्डर स्वतःला माफ करत नाही, मेलेल्या जमातीच्या बाजूने पुस्तक लिहितो, तिच्या उरलेल्या एकुलत्या राणीला वसवण्यासाठी आयुष्य वेचतो. हे सगळे खरे आहे. पण पश्चात्ताप शेवटच्या थोड्या पानांत उरकतो आणि आधीची तीनचतुर्थांश कादंबरी जिंकण्याच्या नशेत जाते, हेही खरे आहे. त्यामुळे बारा वर्षांच्या वाचकाच्या हाती यातले काय राहते, हा प्रश्न उरतोच. २००८ मध्ये अमेरिकेच्या ग्रंथपालांनी कार्डला किशोरवाचकांसाठीच्या लेखनाचा मार्गारेट एडवर्ड्स पुरस्कार दिला तेव्हाही हा प्रश्न काहींनी विचारला होता.

बाकीचे आक्षेप लवकर सांगून संपण्यासारखे. बॅटल स्कूलमध्ये मुली नावापुरत्या आहेत, त्याचे ग्रॅफने दिलेले उत्क्रांतीचे कारण स्त्रीवाचकांना रास्तपणे खटकते. वर एन्डरच्या साथीदारांतली, उत्तम नेमबाज असलेली पेट्राच शेवटच्या मोहिमेत सर्वांआधी कोसळते. पीटर आणि व्हॅलेंटाइन टोपणनावाने संगणकाच्या जाळ्यावर लेख लिहून जागतिक राजकारण हलवतात, हे काहींना द्रष्टेपणाचे वाटते, काहींना हास्यास्पद. अनोळखी टोपणनावामागे कोण आहे हे न पाहता जनमत वळते, एवढा भाग तरी कार्डला १९८५ मध्ये नेमका दिसला होता.

वास्तवातल्या बालसैनिकांचा उल्लेख चर्चेत निघतो तेव्हा मात्र तुलना फार पुढे जात नाही. सिएरा लिओनच्या यादवीत लहानपणीच बंदूक हाती आलेल्या इश्माएल बेआच्या आठवणींचे पुस्तक २००७ मध्ये आले. तिथे कोणी प्रतिभा पारखून मुले निवडली नव्हती. हाताशी आली ती घेतली. एन्डरची गोष्ट युद्धात ढकललेल्या मुलांपेक्षा स्पर्धेत ढकललेल्या मुलांना अधिक लागू पडते.

२०१३ मध्ये गॅव्हिन हूड दिग्दर्शित चित्रपट आला आणि वाद पुस्तकाबाहेर गेला. समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या एका राष्ट्रीय संघटनेच्या संचालक मंडळावर कार्ड २००९ पासून होता. चित्रपटावर बहिष्काराची हाक दिली गेली. बहिष्कार घालणाऱ्यांत पुस्तकावर मनापासून प्रेम करणारे वाचकही होते, आणि त्यांची व्यथा निराळी होती. परक्याला पूर्ण समजून घेतले की त्याच्यावर प्रेम जडतेच, हे ज्या पुस्तकाने शिकवले, त्याचा लेखक आपल्याला परकेच मानतो, ही ती व्यथा. पुस्तक ग्रंथालयातून आणावे, जुन्या बाजारातून घ्यावे, पण लेखकाच्या खिशात पैसा जाऊ नये, असा मध्यम मार्ग काहींनी काढला. कलाकृती आणि कर्ता वेगळे करावेत की नाही, हे त्यातून सुटले नाही, सुटण्यासारखेही नव्हते.

केसेलच्या आक्षेपाला सर्वात जवळचे उत्तर कार्डच्याच १९९९ मधल्या ‘एन्डर्स शॅडो’त सापडते, तेही त्या निबंधाच्या पाच वर्षे आधी. तीच घटनामालिका इथे बीन या एन्डरच्या धाकट्या साथीदाराच्या नजरेतून येते. रॉटरडॅमच्या रस्त्यांवर उपाशी वाढलेला हा मुलगा एन्डरपेक्षाही तल्लख आहे, आणि सराव-युद्धे सराव नाहीत हे तो आपल्या बुद्धीने ओळखतो. शत्रूचे दार खाली आहे, ही जुनी आठवण शेवटच्या लढाईत एन्डरला करून देणारा तोच. पहिल्या पुस्तकात ते वाक्य एका दमलेल्या मुलाचा विनोद वाटते. इथे ते बोलणाऱ्याला जहाजांत माणसे आहेत आणि ती मरणार आहेत हे पक्के ठाऊक असते, आणि तो एन्डरला त्यातले काहीही सांगत नाही. अज्ञानाची ढाल काढून घेतल्यावर हीच कृती कशी दिसते, हे लेखकाने स्वतःच तपासून पाहिले आहे. तरीही रॅडफर्ड आणि केसेल यांनी एन्डरला ज्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तिथे बीनला उभे करणारे वाचक फारसे भेटत नाहीत.