खिंडीतली थंडी, लोकरीची बंडी

लोकर बरी की पॉलिएस्टर, हा वाद आम्ही दोघे मनालीपासून घालीत होतो. सायकलवरून लेहला निघालेल्या माणसाला चढावर बोलायला दम उरत नाही; पण मुक्कामावर वादाला कोण आवरणार? माझ्या अंगात पॉलिएस्टरचा बनियन, सोबत्याच्या अंगात त्याच्या आईने विणलेली पातळ लोकरीची बंडी. तिला मी ‘आजोबांची बंडी’ म्हणून हिणवीत असे.

झिंगझिंगबार सोडले आणि बारालाचा खिंडीचा चढ लागला. खिंडीची उंची सुमारे ४,८९० मीटर. सप्टेंबरचे ऊन पाठीवर होते. दोघेही घामाने निथळलो. जरा थांबलो की माझा बनियन सुकू लागे, बंडी मात्र जडच्या जड!

“बघ!” मी म्हणालो. तो नुसता हसला.

त्या हसण्याचा अर्थ माथ्यावर कळला. ऊन गेले, वारा सुटला. उतारावर पाय स्वस्थ, त्यामुळे अंगातली भट्टी विझलेली; घाम मात्र अंगावर तसाच. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही. ओल कातडीपाशी राहते आणि सुकताना अंगातली ऊब घेऊन जाते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल पोटात घेते, तरी अंगाला फारशी ओली लागत नाही. माझी बोटे बधिर झाली. ब्रेक दाबला की नाही, तेच कळेना. एका वळणावर सायकल दरीकडे सरकली आणि पोटात गोळा आला. उतरलो आणि मुकाट्याने चालू लागलो.

भरतपूरच्या तंबूत चहावाल्या बाईंनी माझे हात पाहिले. “बेटा, पहले गीला कपड़ा उतारो!” सोबत्याने पिशवीतली दुसरी, कोरडी बंडी माझ्या अंगावर टाकली. तीही आईचीच!

माझा बनियन दोरीवर तासाभरात सुकला. त्याची बंडी सकाळीही ओलीच. म्हणजे दोघेही जिंकलो! तेव्हा तह झाला : चढ बनियनावर चढावा, माथ्यावर तो काढून कोरडी लोकर घालावी, वर वारा अडविणारे जाकीट, मगच उतार.

पुण्यास परतल्यावर त्याच्या आईंना भीतभीत म्हटले, “काकू, माप देऊ का?”

“माप कशाला?” त्या म्हणाल्या. “लेहहून ह्याचा फोन आला, त्याच रात्री तुझ्या बंडीचे टाके घातले!”