तीन बोटं

निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात. माहुरात माझ्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसणाऱ्या पुष्कळांच्या दोनही मावत नाहीत. पैनगंगेपलीकडे यवतमाळ, अलीकडे आम्ही. खर्ऱ्याला जिल्ह्याची हद्द नाही. सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली पुडी वर्षानुवर्षं गालात राहते. मग तिखट झोंबायला लागतं, गाल आतून कडक होतात, भाकरीचा तुकडा लहान लहान होत जातो. (माहूरगडावरच्या रेणुकामातेचा प्रसादाचा तांबूल बोळक्या तोंडालाही चालतो, तसा हा प्रकार नव्हे.)

अशा पेशंटच्या पुढच्या दातांमधलं अंतर मी पट्टीने मोजतो. त्या दिवशी एकाचं 26 मिलिमीटर भरलं. नुसत्या 26 ला अर्थ नसतो. मागच्या खेपेला 27 असेल तर पथ्य आणि व्यायाम. 33 असेल तर गडी घसरतोय.

"मागं किती होतं?" मी सहायिकेला विचारलं.

"सर, कॉम्प्युटर सुरूच होईना."

हार्डडिस्क गेली होती. मी निर्धास्त होतो, कारण रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर कॉपी जायची आणि पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असं यायचं. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. एक्स-रे सगळे होते, पण पेशंटची नावं, तारखा, मापं ज्या एका मोठ्या फाइलमध्ये असतात ती उघडेना. क्लिनिकचं सॉफ्टवेअर चालू असतानाच तिची कॉपी होत होती. लिहिणाऱ्याचा हात चालू असताना वहीचा फोटो काढावा तशी. रोजची कॉपी रोज अर्धवट.

उरले हजारो एक्स-रे, फाइलच्या नावाच्या जागी नुसता क्रमांक. रात्री एकेक उघडत बसलो. रूट कॅनालमध्ये भरलेलं औषध टोकाशी किंचित वाकलेलं दिसलं की ओळखायचो, हे माझंच काम. दात ओळखू येत होता, माणूस नव्हे. "काय भरलंत तेव्हा?" असं कोणी विचारलं की मी चार दिवस आढ्याकडे बघून उत्तरं दिली.

मग क्लाउडचा शोध सुरू झाला. नांदेडच्या मित्राने सांगितलं, फोल्डर आपोआप वर जातं, मोकळा हो. इथेच बहुतेक डॉक्टर फसतात. असं फोल्डर म्हणजे आरसा; इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, इकडे कोणी खंडणीखोराने कुलूप घातलं की कुलूपबंद फाइलच वर चढते. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर तसल्याच हल्ल्यात बंद पडले आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर काम करावं लागलं. म्हणून मी जुन्या आवृत्त्या महिनाभर तरी जपणारी, सॉफ्टवेअर बंद झाल्यावर रात्री कॉपी घेणारी सेवा निवडली. डेटा भारतातच ठेवणारी निवडली. बाहेरची डिस्कही ठेवली, पण आता ती कॉपी झाली की काढून घरी नेतो.

हिशेब पाटीवर मांडला तेव्हा डोळे उघडले. माझा पसारा 40 जीबी, वर पाठवण्याचा वेग 2 एमबीपीएस, म्हणजे सलग 44 तासांहून जास्त. त्यात नवरात्रात गडावर गर्दी लोटली की नेटवर्क जागेवर बसतं. पहिली भरणी चार-पाच रात्रींत झाली. नंतर रोज फक्त नवं-बदललेलं जातं, तेवढं मिनिटांत होतं.

किल्लीवर मात्र मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. डेटा इथूनच कुलूप लावून पाठवायचा, म्हणजे कंपनीलाही वाचता येऊ नये. पण पासवर्ड हरवला तर मलाही नाही. तेव्हा महानुभाव पंथाची आठवण झाली; माहूर त्यांचंही ठिकाण. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली, तेव्हा पंथातल्या हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभा राहिला. पुढे पंथाने पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत लिहिल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांना ती उलगडायला विसावं शतक उजाडलं. पंथात ती वाचणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती, म्हणून चाललं. माझ्या क्लिनिकात मी एकटा. पासवर्ड कागदावर लिहून एक प्रत घरच्या कपाटात ठेवली, दुसरी नांदेडला भावाकडे. कागदावर लिहू नये म्हणतात. मला विसरण्याची भीती चोरापेक्षा जास्त आहे.

'बॅकअप पूर्ण' या शब्दांवर आता माझा विश्वास नाही. महिन्यातून एकदा, बुधवारी दुपारी, जुन्या लॅपटॉपवर सगळं परत उतरवतो आणि सहायिका डोळे मिटून एक नाव निवडते. गेल्या खेपेला नेमका तोच खर्रावाला निघाला. नोंद उघडली, मापं दिसली: 26, 25, मग पुन्हा 26. त्याआधीचे रकाने रिकामे.