पुसलेली फीत

आमच्या घरी कॅसेटींचे दोन डबे होते. एक देवघरालगतच्या कपाटात, दुसरा खाटेखाली. पहिल्यात प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी असत, आणि आषाढीस ती लागली नाहीत तर आमच्या मातोश्रींस एकादशी घडल्यासारखी वाटत नसे. खाटेखालच्या डब्यात शिंद्यांचीच आणखी एक फीत होती. तिच्यात भीमगीते होती, आणि बापाच्या खणखणीत आवाजामागून आनंद व मिलिंद या मुलांचे अजून पुरते न स्थिरावलेले सूर उमटत.

ती आम्ही औरंगाबादेस (शहराचे नाव पुढे २०२३ साली बदलले) नागसेनवनाजवळ १४ एप्रिलच्या गर्दीत हातगाडीवरून घेतली. कंपनी लहानशी होती. तबकडीच्या काळी डमडमसारखा कारखाना असल्यावाचून गाणे बाजारात येत नसे. कॅसेट आली आणि प्रती काढणाऱ्या दोनचार यंत्रांवर कंपनी उभी राहू लागली. मंगळवेढ्याच्या या घराण्याचा आवाज त्या वाटेने वस्तीवस्तीत पोचला.

दिवस नामांतराचे होते. विधिमंडळाने १९७८ साली ठराव केला, त्यावर दंगली उसळल्या, घरे जळाली, आणि मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव जोडले जावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. तोवर भीमगीते आमच्या गल्लीत वाजत नसत. आम्हीही आपली फीत दार लावून, आवाज लहान करून ऐकत असू. यास आम्ही त्या वेळी शेजारधर्म म्हणत होतो.

विकत घेतलेल्या कॅसेटीवर दुसरे काही भरता येऊ नये म्हणून तिच्या कडेला दोन खाचा ठेवलेल्या असतात. आम्ही त्यांवर चिकटपट्टी लावली आणि कन्येच्या परीक्षेसाठी इंग्रजी उतारे भरले. कोरी फीत आणावयास बाजार काही दूर नव्हता. विठ्ठलाच्या फितीवर चिकटपट्टी लावण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

प्रल्हादजी २००४ साली गेले. परवा घर आवरताना ती फीत सापडली व सहज लावली. आमचाच रुक्ष आवाज उतारा संपवितो, आणि त्यापुढे अर्ध्या मिनिटाचे गाणे उरले आहे: आधी मुले, मग बाप.

“बाबा, हे तर आजीच्या एकादशीचेच की!” कन्या म्हणाली, आणि सुरुवातीपासून लावा म्हणून हट्ट धरून बसली. आम्ही फीत मागे फिरविली. मागे इंग्रजी उतारेच होते.