रिकामें नांव

उतारवयांत मनुष्यास कोणता छंद जडेल याचा नेम नाहीं. मला संगणकाची कार्यप्रणाली मुळापासून स्वतःच्या हातानें बांधण्याचा नाद लागला. जेरार्ड बीकमन्स यांनीं १९९९ सालीं आरंभिलेला ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हा ग्रंथ यासाठीं प्रसिद्ध आहे. पुतण्यानें आपला संगणक मला वापरावयास दिला व बजावलें, “काका, ग्रंथांत सांगितल्याप्रमाणें आधीं मर्यादित अधिकारांचा निराळा वापरकर्ता तयार करा.” मला हें सोंवळें अनावश्यक वाटलें. सर्वाधिकारी ‘रूट’ होऊनच मी कामास बसलों.

कर्नल हा प्रणालीचा गाभा. त्याच्याशीं इतर प्रोग्रामांनीं कसें बोलावें याचे संकेत, म्हणजे मागण्यांचे क्रमांक, माहितीची ठेवण इत्यादि, हेडर फायलींत लिहिलेले असतात. सी भाषेची ‘ग्लिबसी’ ही लायब्ररी बांधण्यापूर्वीं त्या जागेवर हव्यात. कर्नलच्या संहितेंत माजघरांतल्या गोष्टीहि असतात. ‘मेक हेडर्स’ ही आज्ञा त्या गाळून ओसरीवर आणण्याजोग्या तेवढ्याच निवडते. मग त्या नव्या प्रणालीच्या ‘यूएसआर’ या कप्प्यांत न्यावयाच्या. नव्या प्रणालीचें ठिकाण ‘एलएफएस’ या नांवांत सांठविलेलें असतें.

एका रात्रीं मीं ही नक्कल केली. दुसऱ्या दिवशीं ग्लिबसीची पूर्वतपासणी अडली. हेडर फायली एक तर फार जुन्या आहेत, नाहीं तर मुळींच नाहींत, असा तिचा निर्वाळा! मीं संहिता पुन्हां उतरवून घेतली, व्यर्थ. अखेर पुतण्यास म्हणालों, “तुझें यंत्रच सदोष दिसतें.” तो बिचारा परीक्षेचा अभ्यास टाकून अर्धी रात्र तपासत बसला.

पहाटे मला उलगडा झाला. त्या रात्रीं मीं नवी खिडकी उघडली होती आणि तींत ‘एलएफएस’ हें नांव रिकामेंच होतें. रिकाम्या नांवापुढें ‘यूएसआर’ लिहिलें कीं तें यजमान प्रणालीचेंच घर होतें! मर्यादित वापरकर्त्यास यंत्रानें दारांतच अडविलें असतें. रूटला कोण अडविणार? माझ्या फायली पुतण्याच्या फायलींवर जाऊन बसल्या होत्या.

सांगावें कीं न सांगावें, या विचारांत चहा निवला. गुपचुप दुरुस्त करण्याइतकें ज्ञान मजजवळ नव्हतें. असतें तर मीं सांगितलें असतें, अशी खात्री आज देववत नाहीं. शेवटीं सर्व सांगितलें. त्यानें शिरलेल्या फायली वेचून काढल्या, मूळ फायलींचें पॅकेज पुन्हां बसविलें आणि म्हणाला, “काका, यंत्राला बोललांत त्याचें कांहीं नाहीं. पण माझी रात्र गेली.”

वयानें लहान माणसाची क्षमा मीं त्या दिवशीं प्रथमच मागितली. मग निराळा वापरकर्ता केला, नांव भरलें आहे हें पाहून घेतलें आणि हेडर फायली योग्य स्थळीं ठेवल्या. पूर्वतपासणी पार पडली, तेव्हां पुतण्या शेजारींच बसला होता.